मधल्या नावाची रिकामी जागा : ब्रिटिश सैनिक असलेल्या अज्ञात पित्याचा शोध

मराठी नावात मधली जागा वडिलांची असते, म्हणून वडील ठाऊक नसलेल्या मुलाची अडचण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासूनच सुरू होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लावण्याचा नियम महाराष्ट्रात झाला. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्याचे लष्कर, खडकी, देवळाली किंवा अहमदनगर येथे देशी अथवा अँग्लो-इंडियन आई आणि गोरा सैनिक यांच्या पोटी जन्मलेल्या मुलांना तो फार उशिराचा ठरला. माझे वडील त्यांपैकी एक होते. घारे डोळे कोकणस्थांतही असतात, त्यामुळे रस्त्यात त्यांना फारसे कोणी अडवले नाही. अडवले ते अर्जांवरील रकान्यांनी. राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदातील अँग्लो-इंडियनची व्याख्याही पितृवंश युरोपीय असण्यावर उभी आहे, म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर तो वंश दिसतो पण कागदावर दिसत नाही, तो तेथेही दाराबाहेरच राहतो. आता ही पिढी पंचाहत्तरी ओलांडून गेली असून शोध बहुधा मुले वा नातवंडे घेतात. पुढील मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

शोधाची सुरुवात नावापासून करू नये. सैनिकाने सांगितलेले नाव खोटे असू शकते, आईने ऐकलेले नाव केवळ टोपणनाव असू शकते, आणि ‘जॉन स्मिथ’ खरे असले तरी त्याचा उपयोग शून्य असतो. तारीख आणि ठिकाण मात्र पक्के करता येते. जन्मतारखेतून ३८ आठवडे वजा करावेत आणि मागेपुढे दोन-दोन आठवडे धरावेत. १२ नोव्हेंबर १९४४ चा जन्म असेल, तर २० फेब्रुवारी १९४४ च्या आसपासचा महिना पाहावा लागतो. त्या महिन्यात आई कोठे होती, हा खरा प्रश्न आहे. घरातील वृद्ध मावशीला ‘तो कोण होता?’ असे विचारल्यास बोलणे तेथेच खुंटते. ‘त्या वर्षी आई कोठे कामाला होती, संक्रांत झाली होती का, ती कोणाकडे राहत होती?’ असे विचारल्यास बोलणे सुरू होते आणि हवी ती गोष्ट कित्येकदा ओघात येते. लष्करी इस्पितळ, खडकीचा दारूगोळा कारखाना, टेलिफोन एक्स्चेंज, स्त्रियांचे सहायक दल यांपैकी काही निघाले, तर कोणत्या तुकडीशी तिचा रोज संबंध येत होता, हे कळू शकते. देवळालीत मात्र हा हिशेब फसतो, कारण तेथील छावणीतून सैनिक सतत येत-जात आणि मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत कुजत पडत. वेड लागणे या अर्थी इंग्रजीत रूढ झालेला ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग तेथलाच, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

घरात छायाचित्र असेल, तर चेहऱ्याआधी टोपीवरचा बिल्ला आणि बाहीवरचे चिन्ह भिंगाखाली पाहावे, पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का टिपून घ्यावा. पत्रावर सैनिकाचा क्रमांक असेल, तर तो नावापेक्षा मोलाचा आहे. १९२० पासून ब्रिटिश सैन्यात प्रत्येक रेजिमेंटला क्रमांकांचे स्वतंत्र गट दिलेले होते आणि शिपायाची बदली झाली तरी त्याचा क्रमांक बदलत नसे. त्यामुळे केवळ क्रमांकावरून तो मुळात कोठे भरती झाला, हे पुष्कळदा काढता येते.

त्यानंतर चर्च. मुलाचा बाप्तिस्मा झाला असेल, तर पुण्यात अँग्लिकन कुटुंबासाठी सेंट मेरीज किंवा खडकीचे ऑल सेंट्स, आणि कॅथलिक कुटुंबासाठी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल येथे आधी लेखी अर्ज करावा. केवळ दाखला मागू नये, मूळ नोंदवहीतील ओळ पाहू देण्याची विनंती करावी, कारण वडिलांचा रकाना कोरा असला तरी धर्मपित्याचे (गॉडफादरचे) नाव, विशेषतः कॅथलिक नोंदवहीत, त्याच ओळीत असू शकते आणि तो त्या सैनिकाचा सोबती असण्याची शक्यता असते. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात ‘एन/३’ या मालिकेत आहेत, परंतु त्यांत कॅथलिक नोंदी अपुऱ्या आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची विनामूल्य पाहता येते. जन्म छावणीच्या हद्दीत झाला असल्यास कॅन्टोन्मेंट बोर्डातही विचारावे.

एवढे करूनही नाव मिळाले नाही, आणि बहुतेकांना ते मिळत नाही, तर डीएनए चाचणीकडे वळावे. पहिला नियम असा, की हयात असलेल्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ पिढीची लाळ पाठवावी. सैनिकाच्या मुलात त्याचा अर्धा वारसा उतरतो आणि नातवंडात पाव, त्यामुळे सैनिकाचे मूल हयात असताना त्याच्या नातवंडाची चाचणी करणे म्हणजे हातातला पुरावा अर्धा करणे होय. चाचणी करणाऱ्या कंपन्यांपैकी अँसेस्ट्रीकडे ग्राहकांच्या डीएनएचा सर्वांत मोठा साठा आहे, पण ती बाहेरची फाइल स्वीकारत नाही. म्हणून चाचणी तेथे करून मूळ डेटा उतरवून घ्यावा आणि जेडमॅच या, निरनिराळ्या कंपन्यांच्या चाचण्या एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या संकेतस्थळावर चढवावा.

येथे मिश्र वंशाचा एक अनपेक्षित फायदा होतो. आई पूर्णतः देशी असेल, तर ब्रिटनमधील जुळणारे नातेवाईक आपोआप वडिलांच्या बाजूचे ठरतात, आणि इतरांना महिनोन्महिने करावी लागणारी निवड पहिल्याच दिवशी होते. परंतु आई स्वतः अँग्लो-इंडियन असेल, तर तिचेही पूर्वज युरोपीय असल्यामुळे हाच फायदा सापळा बनतो. अशा वेळी आईच्या बाजूच्या एखाद्या मामे-मावस भावंडाची चाचणी करून त्याच्याशी जुळणारे सगळे बाजूला काढावेत.

दोघांचा डीएनए किती जुळतो, हे सेंटिमॉर्गन या मापात दिसते आणि त्यावरून नाते ओळखता येते. सावत्र भावंडाशी साधारण १,३०० ते २,३०० जुळतात, परंतु ऐंशीच्या घरातील माणसाला सावत्र भावंड हयात सापडेलच असे नाही. त्याऐवजी ८५०–९०० चा आकडा आला, तर तो सख्ख्या चुलत वा आत्ये भावंडाचाही असू शकतो आणि सावत्र भावाच्या मुलाचाही. तेथे वय निर्णय देते, कारण जुळणारी व्यक्ती पन्नाशीची असेल तर ती पुतण्या-पुतणी असण्याची शक्यता अधिक. सुमारे २३० म्हणजे बहुधा आजोबांच्या किंवा आजीच्या भावंडाचे नातवंड. अशा तीन-चार जणांचे वंशवृक्ष स्वतः मांडावेत, त्यांचे समान जोडपे शोधावे आणि तेथून खाली येत, ठरलेल्या महिन्यात भारतात असू शकेल अशा वयाचा पुरुष कोणता, ते पाहावे. मुलगा हयात असल्यास वाय-गुणसूत्राची चाचणीही करावी, कारण ब्रिटनमध्ये आडनाव आणि हे गुणसूत्र दोन्ही बापाकडून येतात.

मिळालेले नाव कागदाने तपासल्याशिवाय स्वीकारू नये. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून सप्टेंबर १९३९ ची नोंदवही हाच आधार उरतो. तीत त्या वेळी सैन्यात असलेले नाहीत, पण नंतर भरती झालेला तरुण आई-वडिलांच्या घरी सापडू शकतो. सेवापुस्तिका संरक्षण मंत्रालयाकडून लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जकडे हलवण्यात येत आहेत आणि जन्माला ११५ वर्षे झाली नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. तुकडी कळली, तर तेथीलच ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेतील युद्धदैनंदिन्या पाहाव्यात. तुकडी त्या महिन्यात बर्मा आघाडीवर असेल, तर तो मनुष्य रजेवर किंवा इस्पितळात होता असे सिद्ध होईपर्यंत त्याच्या भावांचाही विचार करावा. डीएनए भावाभावांत सहज भेद करत नाही.

शेवटी पत्र. समोरच्या कुटुंबाच्या लेखी तो एक विश्वासू पती आणि वडील असतो, हे लक्षात ठेवून पहिले पत्र एका पानाचे असावे आणि त्यात ‘तुमचे वडील माझेही’ असे वाक्य नसावे. १९४४ साली पुण्यात असलेल्या एका नातेवाइकाबद्दल माहिती हवी आहे, डीएनए जुळले आहे, पैशाची वा वारशाची कोणतीही अपेक्षा नाही, असे लिहावे आणि आईचे एक छायाचित्र जोडावे. उत्तर येण्यास काही महिने लागू शकतात. तोवर दुसरे पत्र पाठवू नये, आणि तिसऱ्या नातेवाइकाला फेसबुकवर तर मुळीच गाठू नये.