अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये आरोपीला जामीन झाला तर अपील कसं करायचं

स्पेशल कोर्टाने आरोपीला जामीन दिला की गावात लगेच "सुटला, केस संपली" सुरू होतं आणि फिर्यादीच्या घरचेही हात टेकतात. केस संपलेली नसते, अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 14अ खाली जामिनाच्या ऑर्डरवर हायकोर्टात अपील करता येतं, मुदत ऑर्डरच्या तारखेपासून 90 दिवस. उशीर झाला तर माफी मागता येते पण पटेल असं कारण द्यावं लागतं, म्हणून त्यावर विसंबू नका.

ऑर्डर झाली की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. सर्टिफाइड कॉपी मागताना जामीन अर्जाचा रोजनामाही (कोर्टात त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) मागा, लोक हेच विसरतात. कलम 15अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळायलाच पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकायलाच पाहिजे, आता रोजनाम्यात बघा तुम्हाला नोटीस बजावल्याची नोंद आहे का, हजेरी आहे का, का नुसतं "सरकारी वकिलांना ऐकलं" एवढंच आहे. नोटीसच नसेल तर तुमचा सगळ्यात तगडा मुद्दा हाच. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या एका खुनाच्या केसमध्ये याच कलमावर बोट ठेवून हायकोर्टाने दिलेला जामीन रद्द केला होता.

बाकी मुद्दे म्हणजे मेडिकल, साक्षीदारांचे जबाब, आरोपीवरचे जुने गुन्हे, यातलं कोर्टाने काय बघितलंच नाही ते वकिलाला ऑर्डरमधली ओळ दाखवून सांगा. "अन्याय झाला" एवढ्यावर जामीन रद्द होत नाही हो.

एक फरक लक्षात ठेवा. ऑर्डरच चुकीची असेल तर अपील, पण सुटल्यावर आरोपी धमक्या देतोय, केस मागे घ्या म्हणून माणसं पाठवतोय, तर जामीन रद्द करण्याचा वेगळा अर्ज करायचा. त्यासाठी प्रत्येक धमकीची लेखी तक्रार त्याच दिवशी द्या, पोलीस नुसती एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेत असतील तरी ती करून घ्या आणि तिची कॉपी सोडू नका, कॉल रेकॉर्डिंग डिलीट करू नका.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर एससी-एसटी माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अपील शक्यतो तीन महिन्यात निकाली काढावं असं कायद्यातच लिहिलंय, तारखा पडत राहिल्या तर वकिलाला ते कोर्टापुढे मांडायला सांगा.