हात आखडता असलेल्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशन कसं हाताळावं: एका पीएकडून नव्या पीएंसाठी

मी विधानसभेच्या एका आमदारांचा पीए आहे. ताई सभागृहात बोलतात, आणि बोलताना त्यांच्या हातात कुठला कागद असावा हे मी बघतो. मार्च जवळ आला की पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदारांचे पीए विचारतात, "मतदारसंघासाठी जादा निधी कसा मागायचा?" तिजोरीत खडखडाट असेल तेव्हा माझं एकच सांगणं असतं: नवीन मागायच्या आधी, मंजूर झालेला पैसा सुटला का ते शोधा.

ओढाताण कशी होते ते महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या आकड्यांवरून कळतं. १० मार्च २०२५ ला मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट (चालू खर्चाला उत्पन्न कमी पडतं ती) ४५,८९१ कोटी रुपये होती, राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायची एकूण तूट) १,३६,२३५ कोटी. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही. लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते. अशा वेळी कात्री लागते ती रस्ते, इमारती आणि पाणीयोजनांना, आणि ती पुस्तकात दिसत नाही. तरतूद छापलेली असते, फक्त पैसे खाली येत नाहीत.

म्हणून फेब्रुवारीतच बीम्स उघडून बसा. निधीवाटपाची ही राज्याची संगणक प्रणाली आहे. कामाचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात तो खर्च ज्या क्रमांकाखाली दाखवतात ते, शोधा आणि तीन आकडे एका ओळीत उतरवून घ्या: तरतूद किती, वितरित किती (म्हणजे प्रत्यक्ष खाली सोडलेले पैसे), खर्च किती. लेखाशीर्ष माहीत नसेल तर कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयातल्या लेखा शाखेत जा. तिथला माणूस पाच मिनिटांत सांगतो, फक्त समोर जाऊन बसावं लागतं.

आमच्याकडे एका ग्रामीण रुग्णालयाची इमारत स्लॅबपर्यंत येऊन थांबली होती. ठेकेदार पळाला, असं गावात सगळेच म्हणत होते. ओळ काढून पाहिली तर तरतूद होती, वितरण अगदी थोडं होतं आणि ठेकेदाराची बिलं अडकलेली होती. गावाकडून आलेल्या निवेदनात "काम तातडीने पूर्ण करावे" एवढंच होतं. तेच सभागृहात वाचलं असतं तर "काम प्रगतिपथावर आहे" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ताईंनी विचारलं: या लेखाशीर्षाखाली चालू वर्षी तरतूद किती, आजपर्यंत वितरित किती, प्रलंबित देयकं किती, आणि उरलेली रक्कम ३१ मार्चपूर्वी सुटणार का? अशा प्रश्नाला आकडाच द्यावा लागतो. रुग्णालयाच्या दारातून परत गेलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांना तो आकडा कळण्याचा हक्क आहे, असं मी मनापासून मानतो.

आता आयुधांबद्दल, म्हणजे सभागृहात विषय मांडायच्या मार्गांबद्दल. तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) फार आधी द्यावे लागतात, त्यामुळे ती तयारी अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधीची. नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, एका नेमक्या, ताज्या घटनेवरच द्या. तीत चार गावांचे सहा विषय कोंबले तर ती लागत नाही. औचित्याच्या मुद्द्याची (आयत्या वेळी सभागृहात थोडक्यात मांडलेला विषय) बातमी होते, पण मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नसतं, म्हणून मी त्याच्यावर फार विसंबत नाही.

विभागवार मागण्यांच्या, म्हणजे प्रत्येक विभाग सभागृहाकडे मंजुरीला आणतो त्या खर्चाच्या, चर्चेला मात्र जीव तोडून तयारी करा. संविधानाच्या कलम २०३ प्रमाणे सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. तिच्यात एक रुपयाही वाढवू शकत नाही. भारित खर्चावर (कर्जाच्या व्याजासारखा, संविधानानेच बांधलेला खर्च) तर चर्चाच होते, मतदान नाही. हे गावात नीट समजावून सांगा, नाहीतर "आमदारांनी पैसे आणले नाहीत" हा राग चुकीच्या दारात जातो. मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणारी कपात सूचनाही याच चौकटीतली. तिने पैसे मिळत नाहीत, पण तुमचा विषय त्या मागणीखाली लेखी नोंदवला जातो, आणि मग विभागाच्या मागे लागायला आधार मिळतो. तेव्हा कपात सूचनेतही लेखाशीर्ष आणि रक्कम लिहा.

कुठल्या विभागाची मागणी कधी येणार, हे कार्यक्रमपत्रिकेत रोज बघा. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. त्यालाच गिलोटिन म्हणतात. तुमचा विभाग शेवटी ढकलला गेला असेल तर पक्षाच्या प्रतोदांना (आपल्या पक्षातून कोण बोलणार ते बघतात त्यांना) आधीच गाठा. बोलायला मिळाले तरी मिनिटं मोजकीच मिळतात. मी ताईंना एका पानावर ठळक अक्षरात तीनच मुद्दे देतो आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिला ठेवतो, कारण वेळ संपत आल्याची पहिली घंटा वाजली की बोलणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे जातं.

अधिवेशनाच्या सुरुवातीला येणाऱ्या पुरवणी मागण्याही (चालू वर्षासाठी मूळ अर्थसंकल्पाबाहेर मागितलेला जादा खर्च) ओळ न ओळ वाचा. सरकारला कुठे खरोखर खर्च करायचा आहे, ते तिथे भाषणांपेक्षा स्पष्ट दिसतं. त्यात किंवा मुख्य अर्थसंकल्पात तुमचं काम नाममात्र टोकन तरतुदीने आलं असेल तर गावात अभिनंदनाचा फलक लावू नका. टोकनने लेखाशीर्ष उघडतं, खडी पडत नाही. लोकांना तारीख सांगायची ती निधी वितरणाचा आदेश हातात आल्यावरच. छोटी कामं आमदारांच्या वर्षाला पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीत बसवा, सभागृहातली मिनिटं त्यांच्यावर घालवू नका.

मुंबईत असताना मतदारसंघातले लोक पास मागायला येतातच. त्यांच्यासाठी एक वेगळा माणूस नेमा. तुम्ही स्वतः कागद सोडू नका.

मंत्री उत्तर देत असताना शब्द न शब्द लिहून घ्या. नंतर कामकाजाची असुधारित (अजून दुरुस्त न केलेली) प्रत मिळवून ताडून बघा: "तपासून पाहू" म्हणाले की "निधी देऊ" म्हणाले? दुसरं असेल तर ते आश्वासन आहे, आणि आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. तारीख आणि नेमकं वाक्य घालून मंत्र्यांना त्याच आठवड्यात पत्र द्या. ३१ मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, तेव्हा एप्रिलमधलं पत्र पुढच्या वर्षाच्या रांगेत उभं राहतं. पत्राची प्रत वित्त विभागाला द्या आणि एक कार्यकारी अभियंत्यांनाही, म्हणजे पैसे सुटले की बिल तयार ठेवायला त्यांना वेळ मिळेल.