जगप्रदक्षिणा की चार दिवसांची सफर: क्रूझ निवडताना आधी समुद्रातले दिवस मोजा

क्रूझचं माहितीपत्रक हातात आलं की नजर बंदरांच्या नावांवर जाते. आधी वेळापत्रकात 'ॲट सी' असं लिहिलेले दिवस मोजा. त्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही. शंभर-सव्वाशे दिवसांच्या जगप्रदक्षिणेत असे दिवस निम्म्याच्या आसपास असू शकतात. लॉस एंजेलिसहून होनोलुलू गाठायला साधारण ५ दिवस, तिथून ताहितीला जवळपास तितकेच. बंदरात सकाळी आठला लागलेलं जहाज बहुधा संध्याकाळी पाच-सहाला सुटतं आणि त्याआधी अर्धा-एक तास परतावं लागतं. धक्का लहान असेल तर किनाऱ्यावर छोट्या बोटीने ने-आण होते, त्यात आणखी वेळ जातो. थोडक्यात, एका शहराला सहा-सात तास. देश बघायची हौस असणाऱ्याने जगप्रदक्षिणा घेऊ नये. डेकवर बसून तासन् तास पाणी बघण्यात ज्याला खरोखर सुख वाटतं, त्यानेच घ्यावी.

छोट्या सफरीचा हिशेब वेगळा. मुंबई-गोवा-मुंबई '३ रात्री, ४ दिवस' म्हणून विकली जाते. पहिल्या दिवशी बॅलार्ड पिअरवर सामानाची तपासणी आणि चेक-इन करून जहाजावर पोहोचेपर्यंत दुपार होते. शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की केबिन रिकामी करायची. हातात पूर्ण दिवस दोनच. म्हणून रात्रीचा दर बघू नका, एकूण खर्चाला पूर्ण दिवसांच्या संख्येने भागा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून इथून जायचं तर ऑक्टोबर ते मे.

तीन रात्री मजेत गेल्या म्हणून शंभर दिवस जमतील असं मात्र धरू नका. छोट्या सफरीत नावीन्य संपायच्या आतच घर येतं. कस लागतो तो सलग चौथ्या-पाचव्या समुद्री दिवशी, तेच जेवणघर, तेच चेहरे समोर आले की. यावरचा उत्तम आणि फार कमी लोकांना माहीत असलेला मार्ग म्हणजे सेगमेंट: जगप्रदक्षिणेचा १५ ते ३० दिवसांचा एक तुकडा. बऱ्याच कंपन्या तो वेगळा विकतात. सलग चार तरी समुद्री दिवस असलेला तुकडा घ्या. बहुतेकांची हौस त्यातच भागते.

केबिनचं चित्र बघू नका, माप विचारा. खिडकी नसलेली आतली केबिन साधारण १५० चौरस फूट, म्हणजे १० बाय १५ची खोली, त्यातच न्हाणीघर आणि कपाट. तीन रात्रींना पुरते. चार महिने दोघांना तिथे राहायचं तर निदान खिडकी हवीच. बोट लागण्याचा त्रास असेल तर मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. पुढचं टोक सर्वांत जास्त हलतं. दिशाही बघा. पश्चिमेकडे जाताना वेळक्षेत्र बदललं की घड्याळ तासाने मागे जातं, तो दिवस २५ तासांचा होतो. पूर्वेकडे जाताना दर वेळी तासाभराची झोप जाते.

लांब सफरीत भारतीय पासपोर्टवाल्यांचं गाडं अडतं ते व्हिसावर. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो, आणि तो 'मल्टिपल एंट्री'च, म्हणजे अनेकदा आत येऊ देणारा हवा. जहाज बार्सिलोनाहून शेंगेनबाहेरच्या इस्तंबूलला जाऊन पुढे अथेन्सला येणार असेल, तर बार्सिलोना सोडतानाच सिंगल एंट्री संपते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. वाटेत उतरून अर्ज करणं जवळपास अशक्य, आणि कागद अपुरे असतील तर जहाजावर घेत नाहीत, पैसेही सहसा परत मिळत नाहीत. प्रत्येक बंदराची यादी करून कंपनीकडून व्हिसाची अट लेखी घ्या.

खर्चात भाड्यापलीकडे कर्मचाऱ्यांसाठीची रोजची टिप, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली धरा. टिप माणशी, दररोज लागते. १२० दिवसांनी गुणलं की आकडा डोळ्यांत भरतो. एकट्याला दोघांचं भाडं भरावं लागू शकतं. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात.

विम्यात दोन गोष्टी वाचा: एका प्रवासात सलग किती दिवसांचं संरक्षण आहे, आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल थेट तुमच्या खात्यावर पडतं. विम्याची भरपाई नंतर मागावी लागते. औषधं पूर्ण मुदतीची अधिक १५ दिवसांची, मूळ वेष्टनात, औषधातल्या घटकाचं नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ब्राझील, घाना किंवा केनियाचं बंदर असेल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. विजेची किटली आणि इस्त्री घरीच ठेवा, तपासणीत काढून घेतात. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उतरताना पिशवीत लाडू-फळं राहिली नाहीत ना बघा. न सांगता नेलेल्या खाण्यावर तिथे दंड होतो.