साईटवर जाण्यायेण्याचा वेळ: हजेरी लावताना या चुका टाळा

घरापासून कामाच्या नेहमीच्या जागेपर्यंतचा प्रवास सहसा कामाच्या तासांत धरत नाहीत. वाद होतो तो त्यापुढच्या प्रवासाचा. सोलर, एसी, पंप, वायरिंगची कामं घेणारे कोकणातले बरेच ठेकेदार मस्टरवर साईटवर पोचल्याची वेळ लावतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

उदाहरण घ्या. चिपळूणच्या गोदामात साडेसहाला हजर व्हायचं, पाइप आणि अवजारं टेंपोत चढवायची, साडेआठला गुहागरची साईट गाठायची. साडेपाचला काम थांबवून सातपर्यंत गोदामात सामान उतरवायचं. जेवणाचा एक तास वजा केला, तर मस्टरवर 8 तास दिसतात, प्रत्यक्षात होतात साडेअकरा. दिवसाची मर्यादा तुमच्या आस्थापनेला कोणता कायदा लागू आहे त्यावर ठरते. इथे 9 तास धरू. रोज 720 रुपये म्हणजे तासाला 80. जादा तासाचा दर दुप्पट, म्हणजे 160. अडीच तासांचे 400 रुपये, तेही एका दिवसाचे.

प्रवास म्हणजे काम, असं सरसकट वाक्य आपल्या कायद्यात नाही. तो वेळ मालकाच्या ताब्यात होता का, हे बघावं लागतं. गोदामात हजर राहायचा हुकूम असेल, तर तास तिथूनच मोजायला हवेत. त्याच टेंपोत शृंगारतळीच्या नाक्यावर कुणी आपल्या सोयीने चढला, तर त्याचे तास साईटवर सुरू होतात. मात्र त्याला वाटेत दुकानातून सामान घ्यायला सांगितलं, की हिशेब बदलला. टेंपो चालवणाऱ्याचा तर सगळा वेळ कामाचाच, मग तो एरवी वायरमन का असेना.

सकाळी दापोली, दुपारी गुहागर अशी दोन कामं असली, की दाभोळ-धोपावे फेरीबोटीसाठी थांबलेला वेळ ‘जेवणाची सुट्टी’ म्हणून कापतात. हे चूक आहे. सुट्टी म्हणजे माणूस मोकळा हवा. धक्क्यावर भरलेल्या टेंपोची राखण करणारा मोकळा नसतो. पावसात परशुराम घाटात गाडी अडकली तरी हाच नियम लावा.

प्रवासभत्ता दिला म्हणजे वेळेचे पैसे दिले, असंही नाही. भत्ता भाड्याचा, मजुरी वेळेची.

युरोपातला टायको कंपनीच्या खटल्यातला 2015 चा निकाल व्हॉट्सॲपवर फिरतो: ठरावीक ऑफिस नसलेल्यांचा घर ते पहिला ग्राहक हा प्रवास कामाचा वेळ. तो युरोपीय संघाच्या कायद्याखालचा आहे, आपल्याकडे तो बंधनकारक नाही. अर्जात त्याचा आधार घेऊ नका.

अपघाताची भरपाई आणि कामाचे तास यांची गल्लत करू नका, दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. पोरबंदरच्या मिठागरातून परतणारे कामगार खाडीत होडी उलटून बुडाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये मालकाला जबाबदार धरलं नाही, कारण ती होडी सगळ्या लोकांच्या वापराची होती. जुलै 2025 मध्ये मात्र साखर कारखान्यावर ड्युटीला निघालेल्या रखवालदाराच्या अपघाती मृत्यूबाबत त्याच न्यायालयाने भरपाई मान्य केली. अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे, ही अट आहे. म्हणून भरपाई मिळाली, एवढ्यावरून ओव्हरटाइम लागू होत नाही, आणि ओव्हरटाइम नाकारला म्हणून भरपाईचा हक्कही जात नाही.

मस्टरवर चार वेळा लिहा: गोदामात हजर, साईटवर पोच, साईट सोडली, गोदामातून मोकळा. कामगारांनी याच वेळा स्वतःच्या वहीत टिपाव्यात आणि फेरीबोटीचं तिकीट जपावं. सुपरवायझरचा ‘साडेसहाला गोदामात या’ हा मेसेज पुसू नका, हुकूम होता हे त्यावरूनच दाखवता येतं. नेमणूक पत्रात ‘हजर होण्याचं ठिकाण’ कोरं असेल तर भरून मागा. थकबाकीसाठी आधी मालकाला तारीखवार तक्ता जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही, तर तोच तक्ता घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा.