जिना उतरेपर्यंत

आमच्या लॅबचा शेकर (जिवाणूंचे फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) दुसऱ्या मजल्यावर होता आणि पेशी गरगर फिरवून तळाशी बसवणारा थंड सेंट्रिफ्यूज तळमजल्यावर. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी फ्लास्कमधलं ई. कोलाय या जिवाणूचं कल्चर (पेशी वाढवलेला द्रव) नळीत ओतायचे, बुच लावायचे, नळी बर्फात खोचायचे आणि जिना उतरत सुटायचे. पेशी खाली बसेपर्यंत दहा-बारा मिनिटं सहज जायची. मग त्या फोडून आतलं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आणि ते खर्च झाल्यावर उरणारं एडीपी आणि एएमपी मोजायचं. या तिघांवरून 'एनर्जी चार्ज' काढतात : एटीपीत एडीपीचा अर्धा भाग मिळवायचा आणि तिघांच्या बेरजेने भागायचं. जोमाने वाढणाऱ्या पेशींत हा आकडा साधारण ०.८ ते ०.९५ असतो. माझा आला ०.५ च्याही खाली. मी त्यावर 'ऊर्जेचा ताण' वगैरे म्हणत दोन पानं लिहूनही टाकली. मॅडमनी आकडा पाहिला आणि विचारलं, "फ्लास्कमधले छान वाढतायत ना गं? मग हे अर्धमेले कुठून आणलेस?"

कुठून म्हणजे, जिन्यातून. शेकरवर हवा खेळती असते. नळीचं बुच लागलं की दाट कल्चरमधला ऑक्सिजन बघता बघता संपतो. बर्फात ठेवलं तरी भरलेली नळी गार व्हायला मिनिटं लागतात, आणि पेशीतल्या एटीपीचा साठा काही सेकंदांच्या खर्चाएवढाच असतो. ते सतत बनत राहतं म्हणून पेशीचं भागतं. मी तळमजल्यावर पोचेपर्यंत जिवाणूंनी आपला सगळा कारभार बदललेला असायचा.

पेशींच्या चयापचयाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) कितीही महाग असो, चयापचय जागच्या जागी थांबवता आलं नाही तर तो चुकीचीच गोष्ट अचूक मोजून देतो. यीस्टसाठी उणे ४० अंशांच्या मिथेनॉलमध्ये सॅम्पल ओतायची जुनी पद्धत आहे. ती डोळे मिटून ई. कोलायला लावू नका. या जिवाणूच्या पेशी त्या धक्क्याने गळतात आणि आतला माल बाहेरच्या द्रवात येतो. त्यापेक्षा कल्चर झटकन फिल्टरवर ओढून तो फिल्टरच थंड द्रावकात टाकणं बरं. आणि वाटेत काही गळलं का, हे कळायला पेशींबाहेरचा द्रवही मोजायचाच. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं.

दुसरी अडचण डोक्यातली आहे. एखादा मेटाबोलाइट (चयापचयात बनणारा छोटा रेणू) वाढलेला दिसला की आपण 'हा मार्ग जोरात चाललाय' असं लिहून मोकळे होतो. दादरच्या फलाटावर गर्दी दिसली म्हणून लोकल जास्त सुटतायत असं कोणी म्हणेल का? बहुतेक गाड्या खोळंबलेल्या असतात. सायट्रेट हा क्रेब्स चक्रातला (पेशीच्या ऊर्जा काढायच्या चक्रातला) एक टप्पा. ते साठलं तर चक्र वेगात असू शकतं, किंवा पुढचं अ‍ॅकोनिटेज हे एन्झाइम अडलेलं असू शकतं. त्याच्या गाभ्यात लोह-गंधकाचा गुच्छ असतो. लोह कमी पडलं किंवा ऑक्सिडेटिव्ह ताण आला की ते कोलमडतं. साठा वेगळा, प्रवाह वेगळा. नुसत्या साठ्याच्या आकड्यांवरून प्रवाहाबद्दल बोललेलं मौखिक परीक्षेत हमखास पकडतात.

प्रवाह कळण्यासाठी कार्बनवर खूण करावी लागते. ग्लुकोजचा पहिला कार्बन तेवढा कार्बन-१३, म्हणजे जरा जड कार्बन, घ्या. ग्लायकोलिसिसने (ग्लुकोज मोडायच्या नेहमीच्या मार्गाने) गेला तर तो पायरुव्हेट या तीन कार्बनच्या रेणूच्या तिसऱ्या कार्बनवर निघतो. एन्टनर-डूडोरॉफ मार्गाने गेला तर पायरुव्हेटच्या पहिल्यावर. पेन्टोज फॉस्फेट मार्गाच्या ऑक्सिडेशनच्या टप्प्यात शिरला तर कार्बन डायऑक्साइड होऊन उडूनच जातो. एकच अणू, तीन वाटा, आणि प्रत्येक वाटेची खूण निराळी! मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी जेवायला विसरले होते. मात्र निसर्गातल्या कार्बनमध्येही सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतोच. शिवाय जीसी-एमएससाठी (रेणू वायुरूपात वेगळे करून त्यांचं वजन मोजायच्या पद्धतीसाठी) सिलिकॉनचे गट जोडले असतील तर सिलिकॉनचे जड समस्थानिकही गर्दी करतात. ही वजावट आधी करायची, मग निष्कर्ष.

खूण केलेलं ग्लुकोज महाग येतं, त्यामुळे त्याआधी साधा जमाखर्च मांडा. कल्चर एलबी या पौष्टिक माध्यमात वाढवू नका. त्यात इतकी अमिनो आम्लं असतात की कुठला कार्बन कुठून आला हे सांगताच येत नाही. एम-९ या साध्या क्षारांच्या माध्यमात ग्लुकोज हा एकच कार्बनस्रोत द्या. किती ग्लुकोज संपलं, पेशींचं कोरडं वजन किती भरलं (त्यात निम्म्याच्या आसपास कार्बन धरा), एचपीएलसीवर (द्रवातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) अ‍ॅसिटेट किती दिसलं, हे लिहा. हिशेब जुळत नसेल तर आधी फ्लास्कमधून उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड आठवा. माझा पहिला ताळा त्याच्यावाचूनच मांडला होता आणि 'गायब' कार्बन शोधत मी दोन दिवस घालवले. आपल्याकडच्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांतही हाच हिशेब होतो : १ ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ०.५११ ग्रॅम इथेनॉल. आपल्या टाकीत त्याच्या किती टक्के मिळालं, यावर फर्मेंटेशन पास की नापास ते ठरतं.

संगणकाकडे जायचं तर 'कोब्रापाय' ही पायथनमधली लायब्ररी फुकट मिळते. पेशीतल्या अभिक्रियांच्या यादीवरून (म्हणजे मॉडेलवरून) पेशी किती वेगाने वाढू शकेल हे ती काढते. सुरुवात ई. कोलायच्या छोट्या 'कोअर' मॉडेलने करा. त्यात ९५ अभिक्रिया आणि ७२ मेटाबोलाइट आहेत, सगळं एका भिंतीवर मावतं. १५१५ जनुकांचं मोठं मॉडेल नंतर. ग्लुकोजची मर्यादा उणे १० ठेवा. इथे उणे म्हणजे आत येणं. या खुणेने निम्म्या नवख्यांची संध्याकाळ खाल्लेली आहे. हवा भरपूर असेल तर वाढीचा दर तासाला ०.८७ येतो. ऑक्सिजन शून्य करा, तो ०.२१ वर उतरतो आणि मॉडेल अ‍ॅसिटेट, फॉर्मेट आणि इथेनॉल बाहेर टाकू लागतं. इथवर सगळे खूश असतात. खरी मजा पुढे आहे. ऑक्सिजन मोकळा असताना मॉडेल अ‍ॅसिटेटचा थेंबही सोडत नाही. खरा ई. कोलाय मात्र भरपूर हवेतही, वेगाने वाढताना, अ‍ॅसिटेट फेकत राहतो. मॉडेलला कार्बन वाचवणं तेवढं कळतं. श्वसनाची यंत्रणा उभारायला पेशीला जी ढीगभर प्रथिनं लागतात, त्यांचा खर्च त्याच्या हिशेबात नसतो. हा फरक स्वतः एकदा चालवून पाहा, कारण मुलाखतीत तो विचारतात. मला दोनदा विचारला.

मायक्रोबायोलॉजीची मुलं मॉडेलमागची मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) दिसली की घाबरतात, इंजिनिअरिंगची पिपेटला. माझं मत विचाराल तर दोन्हींच्या आधी वही आणि कॅल्क्युलेटर. एक महिना नुसते कार्बन मोजा.

त्या दोन पानांचं विचाराल तर ती प्रबंधात गेली नाहीत. फिल्टरची मांडणी मात्र शेकरच्या शेजारच्या टेबलावर आली. पुन्हा मोजलं तेव्हा एनर्जी चार्ज ०.९ आला.