गोपनीयतेची तक्रार करताय? या चुका टाळा

आपला रक्ततपासणीचा अहवाल भलत्याच माणसाच्या हाती गेल्याचं कळलं की डोकं फिरतं, आणि त्याच भरात थेट नियामकाकडे तक्रार ठोकली जाते. तिथून उत्तर येतं: आधी संस्थेकडे दाद मागितलीत का? भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही पायरी सक्तीची आहे. ऑस्ट्रेलियातही आधी संस्थेला लिहून उत्तरासाठी साधारण 30 दिवस द्यावे लागतात. तेव्हा पहिलं पत्र संस्थेलाच, आणि पोच घ्याच. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ईमेल टाका, “आज आपण मला असं सांगितलंत.”

“तुम्ही माझ्या खासगीपणाचा भंग केलात” एवढ्यावर चौकशी अधिकारी काय तपासणार? त्याऐवजी लिहा: “3 जूनला माझा अहवाल माझ्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवला गेला. फॉर्ममध्ये मी फक्त घरचा ईमेल दिला होता. फॉर्मची प्रत जोडली आहे.” राग रास्तच आहे, पण तपास पुढे सरकतो तो तारीख आणि कागदामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःची नोंद न मागणं. आपली फाइल कोणी उघडली याचा लॉग बहुतेक संगणक प्रणालींत असतो, पण तो ठरावीक मुदतीनंतर पुसला जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच पत्रात “या नोंदी जपून ठेवा” असं स्पष्ट लिहा. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या नियमांनुसार स्वतःची नोंद मागणाऱ्या अर्जाला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने मिळतात. एका बँकेचा ग्राहक तिथलाच कर्मचारीही होता. त्याची माहिती सहकाऱ्यांनी पाहिली होती. त्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं की माहिती कधी आणि कशासाठी पाहिली, हे जाणून घेण्याचा हक्क आहे. पाहणाऱ्यांची नावं मात्र सहसा मिळत नाहीत. म्हणून नावासाठी अडून बसू नका, तारखा आणि कारणं मागा.

पुरावा जोडताना इतरांची नावं, नंबर झाका. चुकून आलेली यादी तशीच पुढे पाठवली तर तोच भंग आपल्या हातून होतो.

आणि काय हवंय तेही लिहा: दुरुस्ती, माहिती पुसणं, लेखी माफी, की कार्यपद्धतीत बदल. भरपाई हवी असेल तर ती देण्याचा अधिकार त्या नियामकाला आहे का, हे आधी पाहा. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांना तो नाही. तिथे त्यासाठी कोर्टात जावं लागतं.