बीमलाइनवर ठिपके दिसेनात? दोष स्फटिकाचा की यंत्राचा हे आधी ठरवा, आणि या चुका टाळा

प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इंदूरला बीमटाइम (सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांवर काम करायचा वेळ) मिळतो तो मोजक्या तासांचा. प्रस्ताव, मंजुरी, प्रवेशपत्र, गाईडची सही यात महिने गेलेले असतात. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर ठिपक्यांची प्रतिमा उमटायला हवी. तिथे पोचून पहिली प्रतिमा कोरी आली की दोनच वाक्यं ऐकू येतात: “मशीनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे,” नाहीतर “आपलं क्रिस्टलच बेकार आहे.” दोन्ही निष्कर्ष घाईचे. वाशीम, यवतमाळ, गोंदिया, गडचिरोलीकडून जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. त्यांचा खरा वेळ जातो तो दोष नेमका कुठे आहे हे न कळल्यामुळे.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-2 हे 2.5 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं, 172.5 मीटर परिघाचं साठवण वलय आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवत ठेवून क्ष-किरण मिळवणारं सिंक्रोट्रॉन. त्यावरची 21 क्रमांकाची बीमलाइन (किरण नमुन्यापर्यंत आणणारी वाट) प्रथिन स्फटिकशास्त्रासाठी आहे. विदर्भाला सगळ्यात जवळचं सिंक्रोट्रॉन हेच.

ओळखीचं स्फटिक न घेता जाणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सोबत लायसोझाइमची चार-पाच चांगली स्फटिकं असलीच पाहिजेत. कोंबडीच्या अंड्यातलं हे प्रथिन विकत मिळतं. पीएच 4.6 च्या आसपासचा सोडियम ॲसिटेट बफर, त्यात 5 ते 8 टक्के सोडियम क्लोराइड आणि मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिन घेतलं की एक-दोन दिवसांत डोळ्यांना दिसतील एवढी स्फटिकं येतात. त्याच्या चतुष्कोनी रूपाच्या एकक कोशिकेची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान खोक्याची) मापं सगळ्यांना ठाऊक आहेत: दोन बाजू सुमारे 78-79 अँगस्ट्रॉम, तिसरी 37-38.

आपल्या स्फटिकाची प्रतिमा कोरी आली की तेवढ्याच एक्स्पोजरवर लायसोझाइम लावायचं. त्याचे ठिपके लख्ख आले तर किरण, शटर, डिटेक्टर सगळं ठीक आहे आणि शोध आपल्या नमुन्यात घ्यायचा. तेही कोरं आलं तर आपल्या स्फटिकाला हात न लावता बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना बोलवायचं. ठिपके आले पण कोशिका तिन्ही दिशांना सारख्याच प्रमाणात मोठी किंवा लहान निघाली, तर डिटेक्टरचं नोंदवलेलं अंतर किंवा तरंगलांबी चुकली आहे. एका पिनमध्ये (टोकाच्या बारीक लूपमध्ये स्फटिक धरणारी दांडी) तीन प्रश्नांची उत्तरं मिळतात. तरीही मुलं ती पिन नेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

गावातच झालेल्या चुका

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, कॅल्शियमने भरलेलं. प्रयोगशाळेतलं डिस्टिलेशनचं यंत्र बंद पडलं की कोणीतरी फिल्टरचं पाणी वापरून बफर बनवतं. त्यात फॉस्फेट असेल तर कॅल्शियम फॉस्फेटची सुबक, चकचकीत स्फटिकं येतात आणि विद्यार्थी ती प्रथिनाची समजून लूपमध्ये उचलतो. हे ओळखायला इंदूर गाठायची गरज नाही. स्फटिकं ज्या थेंबात वाढतात त्यात मेथिलीन ब्लूचं (निळ्या रंगाचं) अगदी पातळ द्रावण सोडा. प्रथिनाच्या स्फटिकात पाण्याच्या वाटा असतात, म्हणून ते हळूहळू निळं होतं. क्षाराचं स्फटिक बाहेरून रंगलं तरी आत कोरंच राहतं. दुसरी खूण हाताला कळते. बारीक सुईने दाबलं की प्रथिनाचं स्फटिक मऊपणे तुटतं, क्षाराचं कडक लागतं आणि टचकन फुटतं.

मग कूलर. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपुढे जातो आणि स्फटिकांच्या प्लेट असलेल्या खोलीत कूलर लावला जातो. दिवसा खोली दमट आणि गार, रात्री कूलर बंद झाला की कोरडी आणि गरम. शिवाय ज्या टेबलावर प्लेट, त्याच भिंतीतल्या खिडकीला कूलर, म्हणजे दिवसभर थरथर. अशा जागी स्फटिकं जुळी, चिरलेली, एकावर एक चढलेली येतात. जाड थर्माकोलच्या खोक्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि मधोमध प्लेट ठेवली, खोकं कूलरपासून लांब आतल्या खोलीत जमिनीवर ठेवलं, तर वीज गेली तरी तापमान फार हळू सरकतं. याला खर्च जवळजवळ नाही.

आणखी एक. कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली प्लेटची काच उघडली की थेंबावर साय धरते. ती सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते: थेंबाची चकाकी जाते, कडेला सुरकुत्या पडतात आणि लूप आत नेला की पातळ कातडं ओढलं जातं. पंखा बंद करा, एका वेळी एकच थेंब उघडा, जवळ ओला कापूस ठेवा.

नायट्रोजन आणि प्रवास

स्फटिकं गोठवायला आणि गोठलेली न्यायला द्रव नायट्रोजन लागतो. खेड्यात तो सहज सापडतो तो जनावरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायच्या क्यानमध्ये. सरावासाठी तो मिळाला तर चांगलंच. पण त्या क्यानमधला नायट्रोजन बरेच दिवस उघडझाक होऊन हवेतली वाफ धरून बसलेला असतो. तळाशी बर्फाचा पांढरा कचरा साचतो आणि तोच आपल्या लूपवर चिकटतो. गाळून घ्या, किंवा बीमलाइनवर न्यायच्या पिनांसाठी ताजाच भरा.

तिथला कंपाउंडर विद्यार्थिनीला बजावतो, “ताई, क्यान उभाच ठेवजा, गाडीत आडवा नका होऊ देऊ.” त्याचं ऐका. पण प्रवासाला ते क्यान मुळात नकोच. त्यात सुटा द्रव असतो, आणि बंद गाडीत तो सांडला तर एका लिटरपासून सुमारे 700 लिटर वायू होतो. प्राणवायू कमी पडून माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो. प्रवासासाठी ड्राय शिपर असतो. त्याच्या भिंतीतला शोषक पदार्थ नायट्रोजन पिऊन घेतो. तो एकदाच भरून चालत नाही. पुन्हा पुन्हा भरत, वजन वाढायचं थांबेपर्यंत भिजू द्यावा लागतो, मग सुटा द्रव पूर्ण ओतून टाकायचा. निघण्याआधी काट्यावर वजन घ्या, काही तासांनी पुन्हा घ्या. वजन भराभर घटत असेल तर निर्वात थर गेला आहे, तो शिपर नेऊच नका. परतवाडा, सेमाडोह, धारणीमार्गे घाटातून जाणार असाल तर शिपर सीटला पट्ट्याने उभा बांधा. आडवा पडला की काही दिवसांची मुदत काही तासांवर येते.

स्फटिक गोठवताना घाई इथेच करायची, बाकी कुठे नाही. ग्लिसरॉल किंवा पीईजी 400 सारखा क्रायोप्रोटेक्टंट (गोठवताना बर्फ होऊ न देणारा द्रव, थोडक्यात क्रायो) साधारण 20-30 टक्के, मग लूप एका झटक्यात द्रवात. द्रवाच्या वर थंड वायूचा थर असतो. त्यातून लूप सावकाश खाली गेला तर स्फटिक द्रवात पोचण्याआधीच हळूहळू थंड होतं आणि बर्फ धरतं. आधी स्फटिक न घालता नुसता क्रायो गोठवून पाहा. काचेसारखा पारदर्शक दिसला तर प्रमाण बरोबर, दुधी दिसला तर वाढवा.

हच बंद झाल्यावर प्रतिमा कोरी

हच म्हणजे जिथे नमुन्यावर किरण पडतो ती बंद खोली. आत कोणी नाही याची तपासणी (सर्च) पूर्ण करून, आतलं सर्च बटण ठरल्या क्रमाने दाबून, दार नीट बसल्याशिवाय शटर उघडत नाही. अनेकदा ‘किरण येत नाही’ याचा अर्थ एवढाच असतो की दाराचा संवेदक बसलेला नाही. पुन्हा पहिल्यापासून सर्च करा. इंटरलॉकला (दार नीट बसल्याशिवाय शटर उघडू न देणाऱ्या व्यवस्थेला) बगल द्यायचा विचारही करू नका, टीएलडी बॅज (अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला) लावल्याशिवाय आत जाऊ नका, आणि प्राणवायूचा अलार्म वाजला तर स्फटिक, पिन सगळं तिथेच सोडून बाहेर या.

दार ठीक असेल तर वलयातला इलेक्ट्रॉनचा प्रवाह पाहा, मग आयन चेंबरचा (किरणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा. प्रवाह आहे पण आयन चेंबरचा आकडा पडला आहे, तर मोनोक्रोमेटरचं (दोन सिलिकॉन स्फटिकांनी एकच तरंगलांबी निवडणाऱ्या यंत्राचं) दुसरं स्फटिक पहिल्याशी समांतर राहिलेलं नसतं. वलय नव्याने भरल्यावर सिलिकॉनच्या स्फटिकांवर उष्णतेचा भार बदलतो आणि ती थोडी सरकतात. थोडं थांबून शास्त्रज्ञांकडून पिच, म्हणजे दुसऱ्या स्फटिकाचा कल, जुळवून घ्या. आयन चेंबरही ठीक आहे आणि तरी ठिपके नाहीत, तर बहुधा स्फटिक किरणात नाहीच. 0 अंशाला मध्यभागी दिसलेला लूप 90 आणि 180 ला फिरवून पाहिलाच पाहिजे. गोठलेल्या क्रायोचा गोळा भिंगासारखा वागतो, त्यामुळे स्फटिक कॅमेऱ्यात दिसतं तिथे नसतं. लूपवर बारीक जाळी आखून कमी एक्स्पोजरचे शॉट घेत गेलं की ठिपके कुठे आहेत ते कळतं.

पहिली प्रतिमा वाचायला शिका

प्रतिमा आली की मुलं थेट ‘कलेक्ट’ दाबतात. ती पाच मिनिटं पाहा. तिच्यात जवळजवळ सगळं लिहिलेलं असतं.

3.90, 3.67 आणि 3.44 अँगस्ट्रॉमला कडक वर्तुळं दिसली तर तो षट्कोनी बर्फ. वर्तुळं बारीक आणि तुटक असतील तर बर्फ बाहेरून चिकटलेला आहे. लूपवर थोडा द्रव नायट्रोजन हळूच ओतला की अनेकदा निघून जातो. वर्तुळं रुंद, सलग आणि दाट असतील तर क्रायोच कमी पडला आहे, ओतून उपयोग नाही, दुसरी पिन घ्या. पिना बदलूनही वर्तुळं येतच राहिली तर थंड वायूचा झोत पाहा: नळी फार लांब आहे का, एसीची हवा झोताला ढकलते आहे का. पावसाळ्यात हे हमखास होतं.

केंद्राजवळ काही नाही आणि लांबवर मोजकेच, पण फार ठळक ठिपके, म्हणजे क्षार. साध्या मिठाचा सगळ्यात आतला ठिपका 3.26 अँगस्ट्रॉमला येतो, त्याच्या आत काहीच नसतं. प्रथिनाचे ठिपके केंद्रापासूनच दाट ओळींत येतात.

ठिपका लांबट किंवा दुहेरी दिसतो? स्फटिक चिरलंय किंवा दोन आहेत. 90 अंश फिरवून दुसरी प्रतिमा घ्या. एका दिशेने छान आणि दुसऱ्या दिशेने विस्कटलेली असं फार वेळा होतं, आणि एकाच प्रतिमेवर विसंबलेला माणूस अख्खा डेटा वाया घालवतो. ठिपके एकमेकांत मिसळत असतील तर डिटेक्टर मागे घ्या किंवा दोलनाचा कोन (एका प्रतिमेत स्फटिक फिरतं तो) कमी करा. केंद्राजवळचे ठिपके पूर्ण पांढरे, छाटलेले असतील तर ते ओव्हरलोड. त्यांच्यासाठी कमी एक्स्पोजरचा वेगळा पास घ्या. बीमस्टॉपची (थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याची) सावली एका बाजूला सरकलेली असेल तर पुढे जाऊच नका, थेट किरण डिटेक्टरवर पडला तर नुकसान आपल्या एका पिनपुरतं राहत नाही.

जास्त एक्स्पोजर म्हणजे जास्त चांगला डेटा, हा समज

स्फटिक 100 केल्विनला ठेवलं तरी क्ष-किरणांच्या माऱ्याने मरतं. शास्त्रज्ञ हेंडरसन यांनी 1990 मध्ये सैद्धांतिक मर्यादा 20 मेगाग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) मांडली, 2006 च्या प्रयोगांतून 30 मेगाग्रे हा आकडा आला. साध्या तापमानाला मर्यादा कित्येक पट कमी. आधी बाहेरचे, म्हणजे जास्त रिझोल्यूशनचे (बारीक तपशील देणारे) ठिपके विझतात, कोशिका किंचित फुगते, मोझेसिटी (स्फटिकातला विस्कळीतपणा) वाढते. संरचनेत डायसल्फाइड बंध तुटलेले दिसतात. सोयाबीनच्या कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटरसारख्या प्रथिनावर काम असेल तर त्यात असे दोन बंध आहेत, आणि ते तुटलेले पाहून नवा शोध लागल्यासारखं वाटू शकतं.

म्हणून दोन चाचणी प्रतिमांवरून स्ट्रॅटेजी (किती कोन, किती एक्स्पोजर) काढा आणि सममिती जेवढी मागते तेवढाच कोन आधी पूर्ण करा. मग स्फटिकात जीव उरला तर आणखी घ्या. संरचना सोडवण्यासाठी सेलेनियमचा विसंगत (ॲनॉमलस) सिग्नल हवा असेल तर ऊर्जा 12.66 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लागते, पण पुस्तकातला आकडा टाकून मोकळं होऊ नका. तिथेच फ्लुरोसन्स स्कॅन घ्या, कारण मोनोक्रोमेटरचं कॅलिब्रेशन थोडं सरकलेलं असू शकतं.

इंडेक्सिंग अडलं तर

इंडेक्सिंग म्हणजे प्रत्येक ठिपका कोशिकेच्या जाळ्यात बसवून त्याला निर्देशांक देणं. ठिपके सुंदर आहेत आणि तरी डेटा वाचणारा एक्सडीएस हा प्रोग्रॅम ‘50 टक्क्यांहून कमी ठिपके बसले’ म्हणून थांबतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा इनपुट फाइलमध्ये असतो. बीमचं केंद्र पिक्सेलमध्ये मागितलं आहे आणि मिलिमीटरमध्ये दिलं, एक्स आणि वायची अदलाबदल झाली, फिरण्याच्या अक्षाचं चिन्ह उलटं पडलं, किंवा हेडरमध्ये जुनं अंतर राहिलं. केंद्र एका ठिपक्याएवढं चुकलं तर इंडेक्सिंग होतं, पण प्रत्येक निर्देशांक एकाने सरकतो आणि पुढे सममिती जुळतच नाही. अशा वेळी लायसोझाइमचा डेटा त्याच फाइलने चालवा. तो बसला तर फाइल बरोबर आहे आणि आपल्या स्फटिकात दुसरं जाळं, म्हणजे चिकटलेलं दुसरं स्फटिक, शोधायचं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत वेळेसह लिहा: पिन, अंतर, तरंगलांबी, एक्स्पोजर, वलयातला प्रवाह, आयन चेंबरचा आकडा. पहाटे तीनला घेतलेले निर्णय सकाळी कोणालाच आठवत नाहीत.

पहिला डेटासेट इंटिग्रेट (ठिपक्यांची तीव्रता मोजणं) होऊन स्केल (सगळ्या प्रतिमा एका मापावर आणणं) होईपर्यंत ती पिन नायट्रोजनमध्येच राहू द्या. तो डेटा अपुरा निघाला तर तीच पिन पुन्हा लावता येते. निघताना प्रतिमा दोन डिस्कवर उतरवा, दोन्हीकडे फाइलींची संख्या जुळवा, एक डिस्क सोबत्याच्या बॅगेत द्या आणि मगच टीएलडी बॅज परत करा.